नातं नसल्याचा दाखला

"हे तुमचे कोण?" मोजणीवाल्याने फितीवरची नजर न काढता विचारलं, आणि ताई म्हणाली, "कोणी नाही. भाडेकरू आहेत."

एवढंच झालं. तो फितीचं दुसरं टोक खिडकीखालच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून उकिडवा बसला होता, कारण पालिकेने मोजणीवाला एकटाच पाठवला होता आणि टोक धरायला कोणीतरी हवंच होतं. छप्पन्न वर्षांचा माणूस आपल्याच खोलीच्या कोपऱ्यात गुडघे मुडपून बसलेला, आणि दारात त्याची थोरली बहीण, जिने त्याला चालायला शिकवलं, त्याची नखं कापली, त्याच्या गोवरात अकरा रात्री जागून काढल्या. ती म्हणाली, कोणी नाही. त्यानेही लगेच मान डोलावली. मान डोलावणं हा त्याचा जुना रोग होता. कोणी काही म्हटलं की आधी मान हलायची आणि मग कळायचं की कशाला हलली. मोजणीवाल्याने पाटीवरच्या कागदावर काहीतरी खरडलं, खरडलेल्याखाली रेघ मारली आणि म्हणाला, "सोडा आता टोक." फीत सळसळत त्याच्या हातून निघून गेली, तरी तो थोडा वेळ अंगठा तसाच भिंतीला टेकवून बसला. मोजणीवाल्याला वाटलं कंबर धरली असेल. "हळू उठा," तो म्हणाला, आणि त्या परक्या माणसाच्या चांगुलपणानेच त्याला जास्त लागलं.

तसं पाहिलं तर यात नवीन काही नव्हतं. आठ दिवसांपूर्वी भाच्याने, म्हणजे ताईच्या मुलाने, पालिकेचं पत्रक जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं होतं. घरांच्या मागे, बाजूला, माळ्यावर लोकांनी परवानगीशिवाय ज्या राहत्या खोल्या काढल्या होत्या, त्यांना पालिका आता दुय्यम घर म्हणून मान्यता देणार होती. अटी होत्या. खोली दहा वर्षं कमी कमाईच्या माणसालाच भाड्याने द्यायची, भाडं पालिकेने ठरवलेल्या मर्यादेच्या आत घ्यायचं, आणि भाडेकरू मालकाच्या नात्यातला नसावा. नात्यातला असला तर ती खोली भाड्याची नव्हे, घराचाच वाढवलेला भाग, आणि विनापरवाना वाढवलेला भाग पाडायचा. आधीच्या योजनेत लोकांनी जावई, पुतणे, मेव्हणे भाडेकरू म्हणून उभे केले होते आणि सवलती लाटल्या होत्या, म्हणून ही अट. ती चुकीची होती असंही म्हणता येत नव्हतं. शहरात भाडी अशी भडकली होती की दुकानांत काम करणारी माणसं दोन दोन तासांवरून येत होती. त्यांच्यासाठीच हे चाललं होतं. "मामा, कागदावरच आहे सगळं," भाचा म्हणाला होता. "घरात कोण विचारतंय? फक्त मोजणीवाला आला की मला तुम्हाला मामा म्हणायचं नाही, आणि आईने तुम्हाला अरेतुरे करायचं नाही." त्यावर सगळे हसले होते. तोही हसला होता. ताईने तर तिथल्या तिथे तालीम केली होती, "अहो भाडेकरू, पाणी हवं का?" आणि हसता हसता तिला ठसका लागला होता. हसण्यावारी नेलेली ती गोष्ट आज एका परक्या माणसासमोर ती सरळ, न अडखळता बोलली. अडखळली असती तरी चाललं असतं, असं त्याला वाटलं. निदान एकदा आवंढा तरी गिळायला हवा होता.

मोजणीवाला गडी कामाचा होता. त्याने छताची उंची घेतली, खिडकी उघडून आणि मिटून पाहिली, नळ सोडला, बंद केला, कॉटखाली वाकून पाहिलं. बाहेरच्या बोळातून येणारं दार बघून त्याने खूण केली. मग त्याने कपाटाशेजारच्या दाराला हात लावला. "हे कुठे जातं?" "आमच्या स्वयंपाकघरात," ताई म्हणाली. "बुजवा. दुय्यम घराला मुख्य घरातून वाट चालत नाही. आठ दिवसांत विटा लावून फोटो पाठवा. नुसती कडी घालून चालणार नाही, लोक फोटोपुरती कडी घालतात." भाचा मागून म्हणाला, "आजच गवंडी लावतो, मा..." आणि उरलेला शब्द त्याने खोकल्यात घातला. मोजणीवाल्याने वर पाहिलं नाही. ही खोली भावजींनी एकोणीस वर्षांपूर्वी काढली होती. आधी ती अडगळीसाठी होती. मग त्याची लॉजमधली खाट गेली तेव्हा भावजी एका रविवारी अडगळ उचलून स्वतः चुना मारायला उभे राहिले. तो भाडं देणार म्हणून हट्टाला पेटला, ताई चिडली, दोन दिवस बोलली नाही, तेव्हा भावजींनीच तोड काढली. भाडं घ्यायचं, पण त्याला परवडेल एवढंच, आणि त्यावर चर्चा नाही. भावजी गेले, भाच्याचं लग्न झालं, पुढच्या दोन खोल्यांत माणसं मावेनाशी झाली, पण ते भाडं तेवढंच राहिलं आणि ते दार उघडंच राहिलं. त्या दारातून ताईचा आवाज यायचा, भांड्यांचा आवाज यायचा, आणि सकाळी कोण कुणावर का चिडलं आहे ते त्याला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. एकट्या माणसाला एवढं पुरतं. "मालकीणबाई, तुमचा अर्ज मी इथेच भरून घेतो," मोजणीवाला म्हणाला. "आणि तुम्ही," हे त्याला, "चारच्या आत कार्यालयात या. भाडेकरूचा अर्ज वेगळा असतो. उद्या मुदत संपते." ते सगळे पुढच्या खोलीत गेले. त्याने शर्ट घातला आणि नेहमीसारखा स्वयंपाकघरातून न जाता बोळातून बाहेर पडला. चहा न घेता. कोणी हाक मारली नाही.

तो चष्म्याच्या काचा घासायचा. दुकानाच्या मागे काचेचं तावदान लावलेली एक अरुंद जागा होती, तिथे घासायचं चाक, त्यावर थेंब थेंब पडणारं पाणी, आणि काचेच्या भुकटीचा पांढरा राडा. पुढे गिऱ्हाईक आरशात वळून वळून फ्रेम बघायचं, मागे तो त्या फ्रेमच्या खाचेत बसेल अशी काच घासायचा. आता हे काम यंत्रं करत होती. पण या दुकानात जुन्या फ्रेमा घेऊन येणारी म्हातारी माणसं होती, आणि जुनी फ्रेम यंत्राला समजत नाही, म्हणून त्याचं पोट चाललं होतं. आज पहिलंच पाकीट एका बाईंचं होतं. वय बहात्तर, जाड काच, फ्रेम बहुधा नवऱ्याच्या हयातीतली. पाकिटावर दुकानातल्या मुलीने ठसठशीत अक्षरांत बाईंचं नाव लिहिलं होतं. त्याने ते वाचलं, काच चाकाला लावली, आणि चाकाच्या घरघरीत पुन्हा सुरू झालं: कोणी नाही. कोणी नाही. तो स्वतःची समजूत घालत होता. तिने दुसरं काय म्हणायला हवं होतं? खरं बोलली असती तर खोली गेली असती. खोली गेली असती तर छप्पन्नाव्या वर्षी कुठे जायचं होतं? ती तुझ्यासाठीच बोलली, गाढवा. हे सगळं त्याला पटत होतं आणि तरी लागायचं ते लागतच होतं. पटण्याचा आणि लागण्याचा काही संबंध नव्हता. खिशात फोन थरथरला. त्याने काढून पाहिला: ताई. त्याने तो टेबलावर पालथा घातला. आपण रुसलो आहोत हे त्याला कळत होतं, आणि या वयात रुसणं किती हास्यास्पद आहे हेही कळत होतं. पण लहानपणी रुसल्यावर समजूत काढणारी एकच व्यक्ती होती आणि आज तीच पलीकडच्या बाजूला होती. थोड्या वेळाने फोन पुन्हा थरथरला आणि टेबलावर सरकत सरकत पाण्याच्या ओघळापर्यंत गेला. तो बघत राहिला. करू दे तिला फोन. भाडेकरूला कशाला फोन? काचेच्या कडेचा टवका उडाला तेव्हा कुठे त्याने चाक थांबवलं.

दुकानाच्या मालकाने कमाईचा दाखला लिहून दिला, वर म्हणाला, "कमी कमाईचा दाखला मागणारा तू पहिलाच. बाकीचे सगळे जास्तीचा मागतात." चेष्टा साधीच होती, तो हसलाही. कार्यालय तीन मजले वर होतं. भिंतीला लागून बाक, बाकावर त्याच्यासारखी माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर एक फाइल. शेजारच्या माणसाने विचारलं, "मालक बरा आहे का?" तो म्हणाला, "बरी आहे." "तुमचं नशीब. आमचा मालक कागदावर मर्यादेचं भाडं दाखवतो आणि हातात दुप्पट घेतो. बोलायची सोय नाही." तो मान डोलावत राहिला. त्याला एकाएकी या माणसाचा हेवा वाटला. त्याचं खोटं किती सोपं होतं. एका आकड्याचं. मग त्याची पाळी आली. टेबलामागच्या कारकूनबाई थकलेल्या होत्या, पण खेकसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी त्याचे कागद उलटले आणि भाड्यापाशी बोट थांबवलं. "हे एवढंच भाडं?" "हो." "मर्यादेच्या निम्मंसुद्धा नाही. कोण देतं एवढ्यात?" त्याने फाइलची कड सरळ केली. "नाही, मी मुद्दाम विचारते. कमी भाडं म्हणजे नातं, असं वरचे साहेब धरून चालतात. जास्त घेतलं तर दंड, कमी घेतलं तर चौकशी." भावजींनी चुन्याने बरबटलेल्या हातांनी ठरवलेलं ते भाडं त्याला डोळ्यासमोर दिसलं. "खोली लहान आहे," तो म्हणाला. "आणि आता ते वाढणार आहे. मर्यादेएवढं होणार." हे त्याने आत्ताच ठरवलं होतं आणि ते कुठून द्यायचं याचा त्याला पत्ता नव्हता. "मग तसं लिहा," बाई म्हणाल्या आणि त्याच्यापुढे अर्ज सरकवला. "तिकडे बसून भरा. आणि शेवटचा रकाना सोडू नका. नवीन आलाय. आईचं नाव."

"आईचं कशाला?"

"बायकांची नावं लग्नानंतर बदलतात ना. बहिणीने भाऊ घातला, आत्याने भाचा घातला, तर आडनावावरून कळत नाही. आई विचारली की सापडतात. दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवून बघतात. या आठवड्यात सहा जण सापडले. सहाही खोल्या पाडायच्या यादीत गेल्या." त्यांनी हे कौतुकानेही सांगितलं नाही आणि दुःखानेही नाही. "नीट भरा. एकदा नोंद झाली की बदलता येत नाही. बदल मागितला की अर्जच रद्द."

तो खिडकीजवळच्या कठड्याशी उभा राहिला. सगळे रकाने भरले. नाव, वय, धंदा, मालकाशी नातं. तिथे 'नाही' लिहिताना हात थांबला नाही. सकाळीच तो घाव बसून गेला होता. मग शेवटचा रकाना. आईचं नाव त्याला सहाव्या वर्षी कळलं होतं. तोवर तिचं नाव आई हेच आहे असं तो समजत होता. ती गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि त्याच्याकडे तिचं फारसं काही नव्हतं. एक ओला दंड, ज्याला तो गाल लावायचा. एक शिंक. चेहरा नाही, आवाज नाही, फोटो तर घरात नव्हताच. शाळेत नाव घालायला ताई घेऊन गेली, सोळा वर्षांची, वडिलांची कामाची पाळी होती म्हणून. हेडमास्तरांनी विचारलं, "आईचं नाव?" आणि ताईने ते उच्चारलं. तो ताईच्या ओढणीचं टोक धरून उभा होता आणि थक्क झाला होता. आईला एक नाव होतं, इतर माणसांसारखं, आणि ते इतके दिवस ताईकडे होतं आणि तिने सांगितलं नव्हतं. घरी येताना रस्ताभर तो ते नाव मोठ्याने म्हणत आला. एका पावलाला एकदा. ताईने त्याला गप्प केलं नाही. कोपऱ्यावर आल्यावर मात्र ती म्हणाली, "आता पुरे हं, राजा," आणि तिचे डोळे पाझरत होते. त्यानंतर ते नाव कोणी उच्चारलं असेल तर एखाद्या कागदाच्या निमित्तानेच. मावश्या नव्हत्या. वडील तिच्याबद्दल बोलत नसत, आणि मग तेही गेले. भाच्याला आजीचं नाव माहीत होतं की नाही कोण जाणे. जगात ते नाव दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एका माणसाने आज सकाळी पुढच्या खोलीत बसून ते आपल्या अर्जात लिहिलं असणार. ताई नाकासमोर चालणारी बाई. आईचं नाव विचारल्यावर ती दुसरं काय लिहिणार? म्हणजे आता ते इथे लिहायची सोय नव्हती. दोघांपैकी एकालाच ती आई मिळणार होती आणि ताईचा नंबर आधी लागला होता. तेही बरोबरच होतं. आईचं सगळं काम पुढे तिनेच केलं होतं.

मग दुसरं कोणाचं? त्याने नावं आठवायला सुरुवात केली आणि घाबरला, कारण प्रत्येक नावाला एक बाई चिकटलेली होती. शेजारीण, भाचेसून, कधीकाळी जिच्याशी लग्नाचं बोलणं मोडलं होतं ती. आईच्या रकान्यात त्यांच्यापैकी कोणाला उभं करणार? मागे रांगेतला माणूस म्हणाला, "पेन होतंय का मोकळं?" आणि त्याच्या हाताने, तो अडवायच्या आत, सकाळच्या पाकिटावरचं नाव लिहिलं. वय बहात्तर, जाड काच, जुनी फ्रेम. त्याच्यापेक्षा फक्त सोळा वर्षांनी मोठी असलेली, कधी न पाहिलेली बाई. अक्षर छान आलं. त्याला ते इतकं छान यायला नको होतं. खाली पत्ता आणि सही करून त्याने अर्ज नेऊन दिला. कारकूनबाईंनी शिक्का उमटवला, एका जाड वहीत ओळ भरली आणि त्याला पावती दिली. "दरवर्षी नूतनीकरणाला यायचं. हाच अर्ज पुन्हा भरायचा. दहा वर्षं. नावं जशीच्या तशी यायला हवीत, हं." तो जिन्यावर आला आणि दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा राहिला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. नुसतंच हात धुवावेसे वाटले.

घरी पोचला तेव्हा अजून उजेड होता. भाच्याने शब्द पाळला होता. गवंडी दाराच्या चौकटीत छातीपर्यंत विटा चढवून गेला होता, बाकीच्या उद्या. खोलीत ओल्या सिमेंटचा वास भरून राहिला होता आणि स्वयंपाकघरातला उजेड वरच्या अर्ध्या भागातून आत येत होता. तो कॉटवर बसला. थोड्या वेळाने विटांवरून ताईचं डोकं दिसलं. ती आधीच बुटकी, त्यात वयाने आणखी खचलेली. तिला टाचा उंच कराव्या लागत असणार. "आलास होय," ती म्हणाली. "दोनदा फोन केला. घेतला नाहीस."

"चाक चालू होतं."

"सकाळी चहासुद्धा न घेता गेलास. रागावलास ना माझ्यावर?"

"छे."

"मला शिकवू नकोस. तुझी पाठ दिसली की मला कळतं." तिने वरच्या विटेवर हात टेकला. "ते बोलले ना मी, त्यानंतर त्या माणसासमोर बसून मला अक्षरं दिसेनात. सगळं त्यानेच वाचून दाखवलं. आणि मग म्हणाला, आईचं नाव सांगा. दोन्ही अर्ज शेजारी ठेवतात म्हणाला. मग मी सासूबाईंचं घातलं." ती जराशी हसली. "बेचाळीस वर्षं त्यांच्या घरात काढली, त्या काही रागवायच्या नाहीत. तेच सांगायला फोन करत होते, की तू बिनधास्त आईचं लिही. म्हटलं, मला ती चौदा वर्षं मिळाली. भरपूर झाली. तुला मिळाली चार, आणि त्यातलंही तुला काही आठवत नाही. निदान तुझ्या कागदावर तरी ती राहू दे. आपल्यापैकी एकाची तरी आई असायला हवी."

तो उठून विटांजवळ आला. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता, हनुवटीखाली विटांची रांग. फोन घेतला असता तर, हा विचार त्याच्या मनात आला आणि तिथेच रुतला. ते दोन थरथराट, आणि आपण बघत राहिलो. तिला सांगायला हवं होतं. पण सांगून काय होणार? नोंद झाली होती. बदल मागितला की खोली जाणार. आणि तिने स्वतःच्या आईला सोडलं होतं ते त्याच्यासाठी, आणि त्याने आईला त्या वहीत कुठेच ठेवलं नव्हतं. हे या बाईला, टाचा उंच करून उभ्या असलेल्या या म्हातारीला, कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तेच लिहिलंस ना?" ताईने विचारलं. "मला भीती वाटत होती, तू काहीतरी भलतंच घालशील म्हणून."

"तेच लिहिलं," तो म्हणाला.

"पूर्ण? नीट अक्षरात?"

"अक्षर छान आलं."

ताईने डोळे मिटले, आणि तिच्या चेहऱ्यावर जी निवांतपणाची कळा पसरली ती त्याने भावजी गेल्यापासून पाहिली नव्हती. "बरं झालं," ती म्हणाली. "दिवसभर जीव टांगणीला लागला होता. दरवर्षी भरायचा ना तो? म्हणजे दरवर्षी तिचं नाव कोणीतरी लिहिणार. इतकी वर्षं कोणी लिहिलं नाही रे." तो मान डोलावत होता. या घरात तो ताईशी पहिल्यांदाच खोटं बोलला होता आणि ते एकदा बोलून भागणार नव्हतं. पुढच्या वर्षी याच सुमाराला ती विचारणार होती, लिहिलंस ना, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही, जोवर ती आहे तोवर, आणि दरवेळी तो त्या काचवाल्या बाईंचं नाव लिहून येऊन हो म्हणणार होता.